मागच्या सीटवर ब्रेकमास्तर

माझं चष्म्यांचं दुकान आणि ब्रेकमास्तरची ड्रायव्हिंग स्कूल यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही पातळ. त्यामुळे त्याच्याबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं भिंतीतून आलेलं आहे. उरलेलं त्याने स्वतः सांगितलं, आणि त्याने जे गाळलं ते त्याच्या सासूबाईंनी भरून काढलं.

ब्रेकमास्तर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायापाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गडबडला तर तो दाबायचा, एवढाच त्याचा उपयोग. आमचा मास्तर शिकाऊ गडबडायच्या आधीच तो दाबायचा. समोर मांजर दिसलं की दाबायचा. ज्या भिंतीवर मांजर बसू शकेल अशी भिंत दिसली तरी दाबायचा. मी त्याच्याकडेच गाडी शिकलो. सुरुवातीला माझी अशी समजूत झाली होती की मोटार हे चार हात जाऊन जरा विचार करणारं वाहन आहे.

ती सवय त्याच्या पायात इतकी मुरली होती की गाडीबाहेरही तो ब्रेक दाबत असे. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की पाय खाली. बायको दुकानात दुसरी साडी बघू लागली की पाय खाली. चर्चमध्ये पाळकांचा उपदेश रंगात आला की समोरच्या बाकाच्या फळीवर त्याचा पाय असा काही पडायचा, की पुढे बसणाऱ्या शिंपीणबाई मागे न वळता म्हणायच्या, "मास्तर, मी थांबलेलीच आहे."

माणूस मुळात भित्रा. सरकता जिना, शिटी वाजवणारा कुकर, बदकं, ओळखीच्या माणसाचा अनोळखी नंबरावरून आलेला फोन, सगळ्याला घाबरायचा. असा माणूस या धंद्यात पडलाच कसा, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "जगात हीच एक जागा सापडली, जिथे माझ्या बाजूलाही ब्रेक आहे."

तो श्रद्धाळू नव्हता असं मात्र कोणी म्हणू नये. रविवार चुकवायचा नाही. गाडी सुरू करण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा, आणि शिकाऊलाही मिटायला लावायचा. (मग दचकून म्हणायचा, "आता उघडा, उघडा!") पण भिंतीपलीकडे उभ्या गाडीतली ती प्रार्थना ऐकताना मला नेहमी काहीतरी खटकायचं. "हे प्रभू, आता चौक येईल. तिथे सावकाश घे. उजवीकडून ट्रक येतात, तिकडे लक्ष असू दे. शाळा सुटायची वेळ आहे, विसरू नकोस." आमेन म्हणताना आवाज असा, की समोरच्याला एक गोष्ट दहा वेळा सांगूनही भरवसा वाटत नाहीये.

असं सगळं सुरळीत, म्हणजे अडखळत, चाललं होतं. आणि मग सासूबाईंनी गाडी शिकायचं ठरवलं.

सासरे वारल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या होत्या. उंचीने लहान आणि आवाजाने मोठ्या. त्यांनी सगळं आयुष्य चर्चमध्ये पायपेटी वाजवली. दोन पायांनी भाता मारायचा आणि दोन हातांनी सूर काढायचे, त्यामुळे पाय सतत आळीपाळीने हलते. त्यांची एक बहीण गावाबाहेर, पुलापलीकडे राहायची. तिकडे जाणारी बस बंद झाली. जावई नेऊन सोडायचा, पण त्याच्या वेगाने सकाळी निघालं तर बहीण दुपारची झोप काढून उठलेली असायची.

"मी स्वतःच शिकते," एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या.

मास्तरच्या हातातला घास हातातच राहिला. टेबलाखाली पाय खाली गेला.

"आई, या वयात..."

"या वयात म्हणजे? देव आहे ना!"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दूध उतू चाललं, देव आहे ना. किल्ली हरवली, देव आहे ना. मास्तरने मदतीसाठी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, घरात मास्तर असताना आई दुसऱ्याकडे फी भरणार का?" विषय संपला.

पहिल्या धड्याच्या वेळी मी दुकानाच्या दारात उभा होतो. चष्मा मीच करून दिला होता, तेव्हा माझाही थोडा जीव गुंतलेला. सासूबाई उशी घेऊन स्टिअरिंगमागे बसल्या. मास्तरने प्रार्थना केली. ती इतकी सविस्तर होती की मधे सासूबाईंनी एकदा घड्याळ बघितलं. मग इंजिन सुरू झालं, आणि गाडी नाचायला लागली.

झालं असं, की बाईंचे पाय आयुष्यभराच्या सवयीने चालले होते. डावा, उजवा, डावा, उजवा. क्लच, ॲक्सिलरेटर, क्लच, ॲक्सिलरेटर. भाता भरत होता. गाडी पुढे उसळायची, दम घ्यायची, पुन्हा उसळायची, आणि प्रत्येक उसळीला मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा. गल्लीच्या टोकाला गाडी पोचली तेव्हा आत दोघंही माना हलवत होते. लांबून वाटावं, एखाद्या गोष्टीवर दोघांचं अगदी एकमत झालं आहे.

"आई, आरसा बघा! मागे आरसा बघा!"

"मागचं देव बघतो."

"देव बघतो हो, पण इंडिकेटर तुम्हालाच द्यायचाय!"

असे धडे चालू राहिले. मास्तरचं वजन उतरलं. तो दुपारी माझ्याकडे येऊन नुसता बसून राहायचा आणि दृष्टी तपासायच्या तक्त्याकडे बघायचा. मी विचारलं, "प्रार्थना करतोस ना?" म्हणाला, "करतो रे. सगळं नीट समजावून सांगतो त्याला. पण तो ऐकतोय असं वाटत नाही."

मग गाद्यांचा प्रसंग घडला.

त्या दिवशी रिव्हर्स शिकायचा होता. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर वर्दळ नसते म्हणून मास्तरने तो निवडला. तिथे गाद्यांचं एक दुकान आहे. दुकानदार गाद्या फुटपाथवर रचून ठेवतो. सासूबाईंनी रिव्हर्स गिअर टाकला, मान मात्र पुढेच ठेवली, आणि पेटीचा शेवटचा सूर धरतात तसा ॲक्सिलरेटर दाबून धरला. मास्तरने पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला. गाडीत दोन मतं पडली. इंजिन ओरडलं, टायर घासले, आणि गाडी अगदी अनिच्छेने, पण थांबायचं काही नाव न घेता, मागे सरकत गाद्यांच्या थप्पीत शिरली. वरच्या दोन गाद्या टपावर येऊन पसरल्या. सगळीकडे एकदम अंधार आणि शांतता.

कोणाला खरचटलं नाही. गादीलाही नाही. दुकानदार बाहेर आला, गाडीकडे बघितलं, मग धंद्याच्या सवयीने म्हणाला, "बसून बघा. आवडली तर सांगा."

सासूबाई उतरल्या आणि खरोखरच फुटपाथवरच्या एका गादीवर बसल्या. गाडीतली उशी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. मास्तरने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तोही शेजारी बसला. गादी दोघांखाली दबली आणि दोघं एकमेकांच्या बाजूला कलले.

"आई, लागलं का?"

"नाही. भ्यायले."

"तुम्ही? तुम्ही तर कशालाच भीत नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाला?" त्या एकदम चिडल्या. "तुमचे सासरे गेले तेव्हापासून मला रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती वाटते. तिकडे बहीण एकटी, इकडे मी. तिला काही झालं तर मला कळायच्या आत... म्हणून तर गाडी शिकायची आहे."

"मग सारखं ते देव आहे ना, देव आहे ना..."

"भीती वाटते म्हणूनच म्हणते. आणि मोठ्याने म्हणते ते त्याला ऐकू जावं म्हणून नाही, मला ऐकू यावं म्हणून. भीती वाटत नसती तर त्या बिचाऱ्याला एवढ्या हाका कशाला मारल्या असत्या?"

दुकानदार टपावरच्या गाद्या उतरवत होता. सासूबाईंनी नाक पुसलं, आणि आता रडून झालं तर एक काम उरकून घेऊ, अशा सुरात म्हणाल्या, "एक सांगू, जावईबापू? राग मानू नका. तुमची प्रार्थना मी रोज ऐकते. तुम्ही देवाला स्टिअरिंगमागे बसवता खरं, पण त्याच्या गळ्यात शिकाऊची पाटी अडकवता. आणि तुमचा पाय ब्रेकवरून काही निघत नाही."

मास्तरने खाली बघितलं. गादीवर बसल्या बसल्याही त्याचा पाय फुटपाथवर दाबलेला होता.

"मला नाही जमत, आई," तो म्हणाला. "पाय उचलला की वाटतं, सगळं कोसळेल."

"आत्ता दाबलाच होता ना? तरी गादीत आलोच आपण. आणि गादीतच आलो, हेही बघा. शेजारी काचेचं दुकान आहे."

तो वळून बघायला लागला आणि मग त्याने बघायचं टाळलं. म्हणाला, "पण आरसा तर बघायला हवा, आई. आरसा बघणं म्हणजे अविश्वास नव्हे. डोळे त्यानेच दिलेत."

सासूबाईंनी जरा विचार केला. "हे पटलं. मी आरसा बघीन. तुम्ही पाय वर घ्या."

तसा करारच झाला. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी एक अजब दृश्य बघितलं. सासूबाई स्टिअरिंगमागे ताठ बसलेल्या, तिन्ही आरसे आळीपाळीने बघत, आणि शेजारच्या सीटवर मास्तर मांडी घालून, डोळे विस्फारून, घामाने डबडबलेला. चौकातल्या पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, "योगासनं शिकवता की गाडी?" सासूबाई म्हणाल्या, "मी गाडी शिकते, ते भरवसा शिकतात. दोघंही कच्चे आहोत, जाऊ द्या." त्याने जाऊ दिलं.

मांडी अर्थात टिकायची नाही. सायकलवाला आडवा आला की एक पाय सुटायचा. पण ब्रेकवर पडायच्या आधी थबकायचा, आणि पाच वेळांत एकदा तरी परत वर जायचा. आपण हे जग धरून ठेवलेलं नाही हे त्याला कळायला लागलं होतं. आवडायला लागलं होतं असं नाही. नुसतं कळायला.

परीक्षेच्या दिवशी खरी पंचाईत झाली. परीक्षेत मास्तरच्या जागी परीक्षक बसतो. मास्तरने बाहेर थांबायचं, किंवा फारच वाटलं तर मागच्या सीटवर गप्प बसायचं. सासूबाईंनी हट्ट धरला, "तुम्ही मागे बसा." मागच्या सीटला ब्रेक नसतो. मास्तर दोन्ही गुडघे जवळ घेऊन मागे बसला.

परीक्षक साहेब नेटके, बारीक मिशीचे, हातात फाइल. "चला, बाई."

गाडी निघाली. भाता नाही, नाच नाही. सासूबाई उत्तम चालवत होत्या. पण मास्तरला समोरचं काही दिसेना, फक्त दोन डोकी दिसत होती. ओठ आपोआप हलले.

"हे प्रभू, आता दुसरा गिअर टाक."

सासूबाईंनी दुसरा गिअर टाकला.

"पुढे वळण आहे, प्रभू. इंडिकेटर दे."

सासूबाईंनी इंडिकेटर दिला.

परीक्षक साहेबांनी वळून बघितलं. "मागून सूचना द्यायच्या नाहीत."

"मी यांना नाही सांगत, साहेब. देवाला सांगतोय."

साहेबांनी क्षणभर नियम आठवून बघितले. मग म्हणाले, "देवालाही सूचना द्यायच्या नाहीत. गप्प बसा."

मास्तरने मला नंतर सांगितलं, की आयुष्यात इतकं नेमकं त्याला कोणी बोललं नव्हतं. पाळकांनीसुद्धा नाही. त्याचं तोंड मिटलं. पायाखाली ब्रेक नाही, तोंडात सूचना नाही. मग उरलं काय? तो म्हणाला, "मनातल्या मनात मी एवढंच म्हटलं, प्रभू, मी फार घाबरलोय. तूच बघ. आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून थांबलो. भीती होती तिथेच होती रे, माझ्या एका बाजूला अगदी चिकटून बसलेली. पण मागची सीट रुंद असते. दुसऱ्या बाजूलाही कोणीतरी आहे असं वाटलं. आणि त्याला रस्ता ठाऊक आहे असंही वाटलं."

नेमका त्याच वेळी उतारावरून दात आला.

दात म्हणजे खरोखरचा दात, पण दुमजली. वरच्या चौकात दातांचा नवा दवाखाना उघडत होता आणि जाहिरातीसाठी दारात हवा भरलेली एक प्रचंड पांढरी दाढ उभी केली होती. वाऱ्याने तिची दोरी सुटली. दाढ उताराला लागली आणि उड्या मारत खाली येऊ लागली. तिच्यामागे पांढऱ्या कोटातला दंतवैद्य, "धरा, धरा!" ओरडत.

सासूबाईंनी आरसा बघितला. मागे कोणी नव्हतं. त्यांनी सावकाश वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, थांबवली, हॅन्डब्रेक ओढला. सगळं पुस्तकी. परीक्षक साहेबांनी मात्र दोन्ही पाय वर घेतले, फाइल तोंडावर धरली आणि "आई गं!" म्हणून किंचाळले. दाढ आली, बॉनेटवर बसली, फुस्स केलं, आणि पुढच्या काचेवर मऊ पसरून राहिली. गाडीत पांढरा उजेड पडला.

मास्तरने पुढे वाकून साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका, साहेब. नुसती हवा आहे."

"तुम्हाला भीती नाही वाटली?" साहेबांनी फाइलमागून विचारलं.

"वाटली ना. अजून वाटतेय. माझा हातच हलतोय, तुमचा खांदा नाही."

साहेबांनी फाइल खाली घेतली. दंतवैद्य धापा टाकत आला आणि काचेत वाकून सगळ्यांची माफी मागू लागला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "असू दे, बाळा. कोणाचा तरी दात पडायचाच." दाढ बाजूला ओढली गेली. साहेबांनी मिशी नीट केली. "चला, बाई, पुढे घ्या."

बाईंनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला आणि हॅन्डब्रेक काढायचा राहूनच गेला. जळका वास पसरला आणि गाडी बंद पडली. झालं. साहेबांनी नापास केलं. वाईट वाटून केलं, पण केलं. "दाताबद्दल पूर्ण गुण दिले असते," ते म्हणाले, "पण हॅन्डब्रेक तो हॅन्डब्रेक."

परतताना मास्तरला वाटलं, सासूबाई खचतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पुन्हा एकदा द्यायला मिळेल. तुम्हालाही मागे बसायचा सराव हवाच आहे."

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी काहीच घडलं नाही. रस्ता रिकामा, आभाळ स्वच्छ, दातबीत काही नाही. साहेब तेच. त्यांनी या वेळी पाय खाली घट्ट ठेवले होते, असं सासूबाई सांगतात. मास्तर मागे बसला, मनात आपलं ते छोटंसं वाक्य म्हटलं, आणि मग त्याला डोळ्यांवर झापड आली. कित्येक वर्षांत चालत्या गाडीत त्याचा डोळा लागला नव्हता. गाडी ऑफिसच्या आवारात येऊन उभी राहिली, साहेबांनी "पास" म्हटलं, सासूबाईंनी टाळी वाजवली, तरी हा घोरतोय. साहेबांनीच त्याला हलवून उठवलं. ही गोष्ट पाळकांच्या कानावर गेली तेव्हा ते खूप हसले. वादळातल्या होडीत प्रभू स्वतः कसा निवांत झोपला होता ते आठवा, म्हणाले, आणि त्या झोपेवर पुढे दोन रविवार बोलले.

त्यानंतर मास्तर बदलला का? थोडा. बदकांना अजून घाबरतो. शिकाऊंसाठी ब्रेक अजून दाबतो, पण आता मांजर खरंच असावं लागतं. प्रार्थना मात्र इतकी आखूड झाली आहे, की भिंतीला कान लावेपर्यंत आमेन होतं.

सासूबाई पहिल्यांदा बहिणीकडे निघाल्या तेव्हा त्याला घेऊन गेल्या. पुलावर दोन्ही बाजूंनी ट्रक लागले. मास्तर म्हणाला, "आई, मला भीती वाटतेय."

"मलाही," सासूबाई आरशात बघत म्हणाल्या. "सांगा त्याला, आणि ती खिडकी जरा वर करा, धूळ येतेय."

त्याने सांगितलं. खिडकी वर केली. पूल संपला.

बहिणीच्या घरापाशी पोचले तर दार बंद. आतून पाण्याचा आवाज येत होता. पुष्कळ वेळाने ती खिडकीत आली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "अगं बाई! तुम्ही आत्ताच कसे? जावई आणणार म्हणून मी दुपारच्या हिशेबाने चालले होते. बसा पायरीवर, आलेच मी."

दोघं पायरीवर बसले. ऊन छान पडलं होतं. सासूबाईंनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं, आणि निम्मं जावयाला दिलं.